आबांचा चांगला रिपोर्ट

माणूस स्वतःच्या लघवीबद्दल मोकळेपणानं बोलायला लागला की तो बरा होऊ लागला, असं समजावं. जळगावच्या एका युरॉलॉजी हॉस्पिटलात ब्रदर म्हणून बरीच वर्षं काढल्यावर माझ्याजवळ जे थोडंफार शहाणपण जमलंय, त्यातलं हे पहिलं. आमच्याकडे येणारा पेशंट आधी पाठदुखी सांगतो, मग गॅस सांगतो, मग झोप लागत नाही म्हणतो. मुलगा किंवा सून खोलीबाहेर गेली की आवाज खाली आणून खरं काय ते सांगतो. तोवर आम्ही वाट बघतो.

ब्रदर म्हणजे पुरुष नर्स. गावाकडे हे समजावून सांगता सांगता मी दमलो. मी एरंडोल तालुक्यातल्या लहान गावचा. वडील सालदार होते, म्हणजे दुसऱ्याच्या शेतात वर्षाच्या बोलीनं राबणारे. आमच्या घरात मी पहिला ग्रॅज्युएट. धुळ्याला देवपुरात वसतिगृहात राहून शिकलो. तिथल्या गुरुजींनी, मेस चालवणाऱ्या काकूंनी आणि दोन वर्गमित्रांनी मला किती सांभाळून घेतलं, ते लिहायला बसलो तर हा लेख त्यातच संपेल. नर्सिंगची पदवी घेऊन नोकरीला लागलो तेव्हा वडिलांनी विचारलं, काय काम असतं? मी म्हटलं, लोकांच्या लघवीच्या नळ्या घालतो, काढतो, धुतो. ते म्हणाले, "येवढं शिकीसन हाईच काम?" पुढे एका सकाळी त्यांचीच लघवी अडली. गावकऱ्यांनी जीपमध्ये घालून त्यांना आणलं, आणि नळी मीच घातली. पोटावरचा ताण गेला तसे ते तिथल्या तिथे झोपी गेले. तो प्रश्न त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही.

हे सगळं प्रोस्टेटचं प्रकरण आहे. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी सुपारीएवढी एक ग्रंथी असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. वय झालं की ती बहुतेकांची फुगते. ते फुगणं म्हणजे कॅन्सर नव्हे. दुर्बिणीतून खरवडून वाट मोकळी करतात आणि माणूस घरी जातो. कॅन्सर ही वेगळी गोष्ट. पण त्यातही जाती असतात. तुकडा काढून तपासायला पाठवला की पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकातून पेशी बघून गुण देतात. शाळेत जास्त गुण मिळाले की पेढे वाटतात, इथे कमी गुण मिळाले की आनंद. कमी गुणांचा कॅन्सर मवाळ असतो. तो इतका सावकाश चालतो की कित्येकदा डॉक्टर ऑपरेशनसुद्धा करत नाहीत. रक्ताची पीएसए नावाची तपासणी करत राहतात, लक्ष ठेवतात. माणूस पुढे म्हातारपणानं जातो आणि तो कॅन्सर त्याच्याबरोबर जातो, त्याला काही न करता.

काहींना मात्र मवाळ असो की जहाल, शरीरात ती वस्तू नको असते. मग पूर्ण ग्रंथीच काढतात. हे ऑपरेशन मोठं. त्यानंतर पंधरवडाभर नळी राहते. नळी काढली की लघवीवरचा ताबा सुटलेला असतो. खोकला आला, उठून उभं राहिलं, हसलं तरी धोतर ओलं होतं. हे आठवडे किंवा महिने चालतं आणि बहुतेकांचं हळूहळू थांबतं. बायकोशी संबंधांत फरक पडतो, काहींचा कायमचा पडतो. हे सगळं घरी जाण्याआधी सांगायचं आणि खालचे स्नायू आवळायचा व्यायाम शिकवायचा, हे काम डॉक्टरांनी माझ्यावर सोपवलं होतं.

हा व्यायाम शिकवणं सोपं नाही. कोणते स्नायू ते बोट दाखवून सांगता येत नाहीत. मी म्हणायचो, एसटीत बसलाय, लघवीला लागलीय, फाटा अजून लांब आहे, तर काय कराल? बहुतेकांना ते लगेच कळायचं. भुसावळचे एक रिटायर्ड रेल्वे गार्ड होते, त्यांना एसटी पसंत पडली नाही. ते म्हणाले, "ब्रदर, मी जन्मात एसटीत बसलो नाही. मी सिग्नल धरतो." मग लाल म्हणत आवळायचे आणि हिरवा म्हणत सोडायचे. घरासमोरून मालगाडी जात असेल तर शेवटचा डबा जाईपर्यंत आवळून धरायचे, असं त्यांच्या पत्नीनं हसत सांगितलं. एका व्यापाऱ्याची लघवीची पिशवी दिसू नये म्हणून घरच्यांनी तिला जरीच्या काठाचा अभ्रा शिवला होता. दुकानात ते ती गल्ल्याशेजारी ठेवून बसत, आणि एका गिऱ्हाईकानं ती पिशवी विकायला आहे का म्हणून विचारलं.

अशी माणसं लवकर बरी होतात. आबा तसे नव्हते.

आबा धरणगावकडच्या एका खेड्यातले. पेशानं शेतकरी, उंच, कमी बोलणारे. पत्नी काही वर्षांपूर्वी गेलेली. मुलगा विलास गावातच शेती बघायचा. सून शांत, कामसू. लघवीला वेळ लागतो म्हणून विलास त्यांना घेऊन आला, तपासण्यांत पीएसए वाढलेला निघाला, तुकडा तपासला, मवाळ जातीचा कॅन्सर निघाला. आमच्या डॉक्टरांची पद्धत सरळ आहे. नातेवाईक कितीही खुणा करोत, ते पेशंटलाच सांगतात. त्यांनी आबांना समोर बसवून सांगितलं की कॅन्सर आहे पण मवाळ आहे, नुसतं लक्ष ठेवूनही चालेल. विलास ऐकेना. घरात हा शब्द घेऊन त्याला जगता येणार नाही, काढून टाका म्हणाला. आबा म्हणाले, पोरगा म्हणेल तसं.

ऑपरेशन चांगलं झालं. काढलेल्या पूर्ण ग्रंथीचा रिपोर्ट आला तो मी स्वतः वाचला. गाठ ग्रंथीच्या आतच, कडा स्वच्छ, गुण कमीत कमी. यापेक्षा चांगला रिपोर्ट या आजारात येत नाही. असा रिपोर्ट आला की आमचे डॉक्टर स्टाफसाठी चहा सांगतात, तसा सांगितला. मी कप तसाच ठेवून आबांच्या कॉटपाशी गेलो आणि म्हणालो, आबा, काही नाही, रिपोर्ट एकदम चांगला आहे, तुम्ही बरे होणार.

आबांनी मान हलवली. "हां, हां," म्हणाले आणि खिडकीकडे बघत राहिले. मला वाटलं, म्हाताऱ्याचं मन भरून आलं.

नळी काढून ते घरी गेले. व्यायाम समजावला, पाणी भरपूर प्या म्हणून दोनदा सांगितलं, पीएसएला यायची तारीख दिली. ऑपरेशननंतर साधारण दीड महिन्यानं ही तपासणी करतात. ग्रंथीच उरली नाही म्हटल्यावर रक्तातला तो आकडा जवळजवळ शून्याला टेकायला हवा. टेकला की पेशंटचा आणि आमचाही जीव भांड्यात पडतो.

ती तारीख आली आणि गेली, आबा आले नाहीत. मे महिना होता. जळगावचा मे ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगतो, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि कूलरमधून येणारी हवासुद्धा कोणीतरी फुंकर घालून तापवल्यासारखी येते. अशाच एका दुपारी क्रूझर जीप दारात थांबली आणि चौघांनी आबांना चादरीत उचलून आत आणलं.

मी ओळखलं नाही. खरंच ओळखलं नाही. विलासला बघून कळलं की हे आबा. डोळे खोल गेलेले, जीभ लाकडासारखी, अंगाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. हाक मारली तर हुं म्हणत आणि पुन्हा गुंगीत जात. बाहेर बायका रडायला लागल्या होत्या. विलास भिंतीला टेकून एवढंच म्हणत होता की पसरला, ब्रदर, तो सगळीकडे पसरला.

 इतक्या वर्षांत मी माणसं जाताना बघितली आहेत, पण ज्याच्या रिपोर्टासाठी आम्ही चहा प्यायलो तो माणूस असा परत येईल, हे माझ्या डोक्यात शिरेना. मवाळ कॅन्सर दोन महिन्यांत असं करत नाही. मग आम्ही वाचलं ते काय होतं?

डॉक्टरांनी सलाईन सुरू करायला सांगितलं आणि मला नळी घालायला लावली. नळीतून जे थोडंसं आलं ते चहाच्या अर्कासारखं गडद होतं. ते बघून डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे. रक्ताचे रिपोर्ट आले. किडनीवर ताण, लघवीत इन्फेक्शन, अंगातलं पाणी आटलेलं. कॅन्सरचा कुठे मागमूस नाही. पीएसएही त्याच रक्तातून केला होता, तो यंत्राला मोजता येईल त्याच्या अगदी तळाशी.

डॉक्टर विलासला म्हणाले, "कॅन्सर नाही. हा माणूस तहानेनं मरायला टेकलाय."

विलास म्हणाला, घरात दोन माठ आहेत, बोअरला पाणी आहे.  शेवटी सुनेनं मला बाजूला घेतलं. ती म्हणाली, भाऊ, त्यांच्या उशाशी मी सकाळी तांब्या भरून ठेवते, संध्याकाळी तो जसाच्या तसा असतो. मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, माणसं भेटीला यायला लागली तेव्हापासून.

आमच्या भागात कोणाला मोठं दुखणं झालं की सगेसोयरे भेटीला येतात. ही चांगली रीत आहे, मी तिला नावं ठेवत नाही. माझ्या वडिलांच्या वेळीही लोक आले आणि आम्हाला आधार वाटला. पण कॅन्सर हा शब्द गावोगाव पोचला तसे आबांकडे जीप भरभरून लोक यायला लागले. बिस्किटांचे पुडे, केळी, शहाळी. आबांची धाकटी बहीण, अक्का म्हणतात तिला, ती खापरावरचे मांडे करून घेऊन आली, कारण भावाला ते आवडतात. ती भरवताना रडली. दुसरी कोणी कळण्याची भाकरी आणि भरीत घेऊन आली, तिनं सांगितलं की आबा, मनात काही असेल तर बोला. आणि उठताना प्रत्येक जण म्हणायचा, काही नाही आबा, बरे व्हाल. मग अंगणात जाऊन हळू आवाजात बोलायचा.

आबांची खाट ओट्यावर होती, कारण भेटीला येणाऱ्यांना बसायला जागा तिथेच. मोरी घराच्या मागच्या अंगाला. पाहुण्यांमधून, बायकांमधून उठून जाता जाता धोतर ओलं व्हायचं. एकदा जावयांच्या देखत झालं. विलासनं मोठ्या माणसांचे डायपर आणून दिले, ते आबांनी कपाटामागे टाकले. घरातल्या देवापुढे बसणंही त्यांनी बंद केलं होतं. मग त्यांनी स्वतःपुरता उपाय काढला. पाणीच नाही घेतलं तर गळणारच नाही. माणसं उठून गेली की अंधारात घोटभर प्यायचे. बाहेर भर मे तापलेला.

सुनेचं ऐकता ऐकता मी आमची यादी तपासली. व्यायाम शिकवला, पिशवी कशी धरायची ते शिकवलं, पाणी भरपूर प्या म्हटलं. पण भेटीला माणसं येतील तेव्हा खाट कुठे ठेवायची, हे आम्ही कोणीच कधी कोणाला सांगितलं नव्हतं. ते कुठल्या पुस्तकात नाही.

सलाईन आणि औषधं चालू राहिली, आणि आबा डोळे उघडून बघायला लागले. राउंडला डॉक्टर आले. आनंदात होते. म्हणाले, "आबा, घाबरायचं काही नाही. रिपोर्ट चांगला आहे. तुम्ही बरे होणार."

आबांनी मान हलवली. "हां, हां," म्हणाले आणि खिडकीकडे बघायला लागले.

तेव्हा मी हादरलो. तीच मान, तोच हुंकार, तीच खिडकी. पहिल्या वेळी मी ज्याला समाधान समजलो ते समाधान नव्हतं.  डॉक्टर पुढच्या कॉटकडे गेले, त्यांना ते दिसलं नाही.

दुपारी पिशवी रिकामी करायला गेलो. विलास जेवायला खाली गेला होता. मी स्टूल ओढून बसलो आणि आमच्या बोलीत विचारलं, आबा, डॉक्टर सांगतात त्यावर तुमचा भरोसा नाही का?

ते मग म्हणाले, "तुम्ही मानसं चांगली शेतस. मी बी तिले असंच सांगेल व्हतं."

कोणाला, ते विचारावं लागलं नाही, तेच पुढे सांगत गेले. त्यांच्या पत्नीला कॅन्सर झाला होता तेव्हा तिला कोणीच काही सांगितलं नाही. घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की तिच्यापुढे एकच बोलायचं. ते काम आबांकडे होतं. रोज सकाळी तिच्या उशाशी बसून ते म्हणायचे, काही नही, रिपोर्ट चांगला शे, तू बरी व्हयी जाशी. शेवटच्या दिवसापर्यंत म्हणत होते.

 मी किती जणांना आनंदानं हेच वाक्य सांगितलं असेल. आमच्याकडे खोटं बोलायला जे शब्द वापरतात, नेमके त्याच शब्दांत मी खरं सांगत आलो होतो. समोरच्यानं ओळखायचं कशावरून? आणि वरून बहीण मांडे भरवते, जावई पाया पडतात, सगळे मनातलं विचारतात. कोणताही शहाणा माणूस काय समजेल, तेच आबा समजले होते.

मग मी चांगलं बोलायचं सोडून दिलं. आबांना म्हटलं, ऐका आता. तुमची लघवी अजून काही महिने गळणार. तुम्हाला डायपर घालावाच लागेल, लाज वाटली तरी घालावा लागेल. व्यायाम रोज करावा लागेल, आणि करूनही खोकताना थोडं ओलं होणं राहू शकतं. पुरुष म्हणून पूर्वीसारखं राहील असं मी सांगत नाही. कॅन्सर गेलाय, पण तो परत येणारच नाही असं लिहून कोणी देणार नाही. आला तर रेडिएशनचे शेक द्यावे लागतील. म्हणून दर काही महिन्यांनी रक्त द्यायला इथे यावं लागेल, कमीत कमी पाच वर्षं. एकही तारीख चुकवली तर डॉक्टर रागावतील, आणि मी पण.

आबांनी खिडकीवरून नजर काढली आणि माझ्याकडे वळवली.

"पाच वरीस?"

"त्याच्यापुढे पण. पण पाच तर नक्कीच."

ते छताकडे बघत मनात काही मांडत होते. मग हळूच म्हणाले, "मरनारा मानूसले पाच वरीसन्या तारखा कोन देस?"

मी म्हटलं, कोणीच नाही देत, आबा.

त्यांचा चेहरा आनंदला, असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. ते घाबरले. जाण्याची तयारी करून बसलेल्या माणसाला कोणीतरी सांगावं की गाडी रद्द झाली, तसे ते गोंधळले. कोणाकोणाला काय सांगून ठेवलंय, कोणाला काय देऊन टाकलंय, ते आठवत असावेत. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, त्यांनी घेतला नाही. माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "नानाले सांगू नका."

नाना म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांची शेतं लागून. मधल्या बांधावरून काही वर्षांपूर्वी बिनसलं आणि बोलणं थांबलं. एकाच गल्लीत राहून एकमेकांना बघून मान वळवायचे. आबांना कॅन्सर झाल्याचं कळल्यावर नाना एक दिवस आले आणि खाटेच्या पायथ्याशी बसले. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मग रोज यायला लागले. तासभर बसायचे आणि उठून जायचे. हॉस्पिटलात आणलं तेव्हाही चादरीचं एक टोक नानांनी धरलेलं होतं, हे मला नंतर कळलं.

मी विचारलं, नानांना का नाही सांगायचं? आबा म्हणाले, मी बरा आहे कळलं तर तो येणार नाही. एवढं बोलून त्यांनी पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. पाण्याचा ग्लास मी ठेवला तिथेच राहिला.

सलाईननं किती दिवस चालणार? उद्या घरी गेल्यावर हा माणूस भावासाठी आजारीच राहायचं ठरवेल, पाणी पिणार नाही, आणि महिन्याभरात त्याला पुन्हा चादरीत आणतील, असं मला दिसायला लागलं. ज्याला कॅन्सरनं सोडलं त्याला हे नेणार. डॉक्टरांना सांगून उपयोग नव्हता, यावर त्यांच्याकडे औषध नव्हतं.

संध्याकाळी नाना मला पॅसेजमध्ये भेटले. आबांसारखेच उंच, जरा वाकलेले, हातात पांढरी टोपी. इकडेतिकडे बघून त्यांनी विचारलं, ब्रदर, विलास कॅन्सर नाही म्हणतो, पण तसं तर सगळेच म्हणतात, खरं काय ते सांगा, किती दिवस राहिले?

आमच्या कामाचा एक नियम आहे. पेशंटची गोष्ट पेशंटची. त्यानं सांगू नका म्हटलं तर सख्ख्या भावालाही सांगायची नाही. आणि समोर उभा असलेला माणूस भावाचे दिवस मोजत होता. मी मग म्हटलं, नाना, रिपोर्ट आबांचा आहे. तुम्ही त्यांनाच विचारा.

ते दचकले. तोंडून शब्द न काढता भावाजवळ बसणं वेगळं आणि त्याला काही विचारणं वेगळं. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली, आणि आत गेले. मला काळजी वाटली म्हणून मी सलाईन बघायच्या निमित्तानं मागोमाग गेलो.

नाना आज पायथ्याशी न बसता उशाशी उभे राहिले. म्हणाले, "भाऊ, डॉक्टर काय म्हनी ऱ्हायनात?"

आबांनी डोळे मिटून घेतले. मी सलाईनच्या थेंबांकडे बघत होतो. मला वाटलं, आता ते खोटं बोलणार. त्यांना ते बोलण्याची सवय होती, आणि या वेळी तर कारणही होतं. त्यांनी डोळे उघडले.

"पाच वरीस येनं पडी म्हनतस," ते म्हणाले. "कॅन्सर गया."

नाना स्टूल ओढून बसले. टोपी गुडघ्यावर ठेवली, तिच्या घड्या नीट केल्या. आबा त्यांच्याकडे बघत नव्हते. मग नाना म्हणाले, आणि त्यांचा आवाज आधीपेक्षा मोठा होता,

"मरता मानूसजोडे बांधनी गोट कशी काढू? म्हनीसन गपचूप बठेल व्हतू. आते बोलसू."

आबांनी झटकन मान वळवली. बांधाचं काय, त्यांनी विचारलं. नाना म्हणाले, बांध हातभर माझ्या अंगावर सरकवलाय तू, आणि बाभूळ तोडली ती वेगळीच. आबा म्हणाले, बाभूळ बापाच्या वेळची, माझ्या बाजूला होती. नाना म्हणाले, तुझ्या बाजूला होती तर सावली माझ्या कपाशीवर कशी पडायची? आबा कोपरावर उठून बसले. गेल्या दोन महिन्यांत ते एवढं बोलले नसतील. सिस्टर धावत आली, शेजारच्या पेशंटचे नातेवाईक दारात गोळा झाले, विलास खालून पळत वर आला आणि काय झालं म्हणून माझा दंड धरला. मी त्याला तिथेच थांबवलं.

मोजणीवाल्याला बोलवायचं की नाही यावर दोघं अडले होते. आबांना जोरानं खोकला आला. बोलता बोलता घसा कोरडा पडला होता. डोळे नानांवरच ठेवून त्यांनी हात पुढे केला. नानांनीही बोलणं न थांबवता कॉटशेजारचा ग्लास उचलून त्यांच्या हातात दिला. आबांनी तो एका दमात संपवला, रिकामा ग्लास परत नानांकडे केला आणि म्हणाले की मोजणी झाली तर ती दोन्ही बाजूंनी होईल. नानांनी जगमधून पुन्हा भरला.

खोकल्यानं नळीच्या कडेनं गळून धोतर ओलं झालं होतं, चादरीवर डाग पसरत होता. तो मला दिसत होता, नानांना दिसत होता. आबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते दुसरा ग्लास तोंडाला लावून, भावाचं बोलणं कधी संपतंय याची वाट बघत होते.